घरी पाहिलेल्या सिनेमा-मालिकांची मतवही : तीन महिन्यांच्या नोंदी

काम एवढंच : घरी जे काही पाहिलं जाईल त्याची मतासकट नोंद ठेवायची, आणि ती अशी की सहा महिन्यांनी वाचली तरी 'आवडला नाही' असं का लिहिलं होतं ते कळावं. साधनं : एक शीट, एक साधी वही, ५५ इंची टीव्ही, साउंडबार, मोजपट्टी. नोंदी जशा झाल्या तशाच ठेवल्या आहेत. चुका पुसलेल्या नाहीत, कारण हेच काम करायला घेणारा पुढचा माणूस नेमका तिथेच अडकणार.

४ जानेवारी, शनिवार

शीट उघडली. पाच रकाने : नाव, वर्ष, पाहिल्याची तारीख, तारे, मत. अर्ध्या तासात पहिला घोळ. ताऱ्यांच्या रकान्यात '३/५' टाइप केलं की शीट त्याची तारीख करते, ३ मे किंवा ५ मार्च, जशी भाषेची सेटिंग असेल तशी. '३.५/५' मात्र मजकूरच राहतो. म्हणजे एकाच रकान्यात निम्म्या तारखा, निम्मा मजकूर, आणि क्रम लावायला गेलं की सगळा गोंधळ. मागाहून रकाना 'साधा मजकूर' केला तर ३/५ परत येत नाही. ३ मे २०२५ साठी ४५७८० असा आकडा हाती पडतो. तारखेच्या पोटातला तो अनुक्रमांक. नऊ ओळी पुन्हा हाताने भरल्या.

उपाय : '५ पैकी' हे रकान्याच्या डोक्यावर लिहा, खाली नुसता आकडा टाका.

तसंच नावाच्या रकान्याचं. '१९१७' हे चित्रपटाचं नाव आहे हे शीटला कळत नाही, ती त्याला संख्या समजून सगळ्यांच्या वर नेऊन बसवते. नावाचा रकाना पहिल्या दिवशीच मजकूर म्हणून ठरवून टाकावा. आणि इंग्रजी नावं देवनागरीत लिहिताना सुरुवातीचा 'द' तसाच ठेवला की अर्धी यादी द अक्षराखाली जमा होते. त्यासाठी क्रम लावण्यापुरता एक वेगळा रकाना केला. तिथे 'द' गाळलेला.

५ जानेवारी, रविवार

मागच्या दोन वर्षांचं पाहणं आत आणायचं ठरवलं. स्ट्रीमिंग सेवेच्या खात्यातून पाहण्याचा इतिहास फाइल म्हणून उतरवता येतो. त्यात दोनच गोष्टी मिळाल्या, नाव आणि तारीख. शेवटपर्यंत पाहिलं का, हे नाही. दहा मिनिटं पाहून सोडलेलंही तिथे 'पाहिलेलं' म्हणूनच उभं. मालिकेच्या प्रत्येक भागाची वेगळी ओळ.

तीन अडचणी आल्या, तिन्हींत वेळ गेला.

पहिली : फाइलवर दोनदा टिचकी मारून उघडली की देवनागरी नावांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. फाइल बिघडलेली नसते, चुकीच्या लिपीसंचाने उघडलेली असते. आधी रिकामी शीट उघडा, तिच्यातून फाइल आयात करा आणि लिपीसंच विचारला की यूटीएफ-८ निवडा. यादीत तो ६५००१ या क्रमांकाने दिसतो.

दुसरी : तारखा महिना-दिवस-वर्ष अशा क्रमाने होत्या. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? मधला आकडा १२ च्या वर जातो अशी एखादी ओळ शोधली की क्रम पक्का कळतो. हे न पाहता आयात केलं, त्यामुळे प्रत्येक महिन्याच्या १२ तारखेपर्यंतच्या ओळी उलट्या बसल्या आणि पुढच्या मजकूर म्हणून पडून राहिल्या. सगळं काढून पुन्हा. आता सगळ्या तारखा वर्ष-महिना-दिवस अशाच.

तिसरी : एकाच नावाचे अनेक चित्रपट. नुसतं 'देवदास' लिहिलं तर १९३५, १९५५ की २००२? वर्षाचा रकाना बहुतेक वेळा पुरतो, पण वर्षातही घोळ असतो : महोत्सवात एका साली, चित्रपटगृहात पुढच्या साली. म्हणून आयएमडीबी या चित्रपटांच्या माहितीच्या संकेतस्थळावरचा ओळखक्रमांक ठेवला. पानाच्या पत्त्यातच तो असतो, 'टीटी' ही दोन अक्षरं आणि पुढे सात किंवा आठ आकडे.

एकूण पाच तास. शिवाय संध्याकाळी एक मूर्खपणा : जुन्या ९० चित्रपटांना आठवणीतून एका बैठकीत तारे देऊन टाकले. सगळे साडेतीन ते चारच्या मध्ये. आठवणीतून देता येतं ते चित्रपटाच्या नावलौकिकाला, चित्रपटाला नाही. पूर्ण रकाना रिकामा केला. जुन्या ओळींत फक्त तारीख राहील.

१८ जानेवारी, शनिवार

नव्याने पाहिलेले १८ चित्रपट नोंदले. ताऱ्यांचा काही उपयोग नाही. अठरापैकी अकरांना ३.५. पाचाचे दहा केले तर आकडे सातापाशी गोळा होतात, फरक तोच.

तारे काढले. त्याऐवजी प्रत्येक नव्या नावाची तुलना आधीच्या यादीशी. यादी आवडीच्या क्रमाने लावलेली असते. नवं नाव बरोबर मधल्या नावासमोर ठेवायचं : आज यातला एकच पुन्हा पाहायचा झाला तर कुठला? उत्तर वर गेलं की वरच्या निम्म्यातला मधला, खाली गेलं की खालच्या निम्म्यातला. ६३ नावांच्या यादीत सहा प्रश्नांत जागा सापडते. 'साडेतीन की चार' यावर डोकं खाजवण्यापेक्षा हे लवकर होतं, आणि उत्तर देताना कारण आपोआप तोंडात येतं. तेच कारण मताच्या रकान्यात लिहायचं.

मर्यादा लगेच दिसली. माहितीपट आणि धांगडधिंग्याचा विनोदी चित्रपट समोरासमोर ठेवले की प्रश्नच बावळट वाटतो. तीन वेगळ्या याद्या केल्या : कथापट, माहितीपट, आणि 'थकल्यावर पाहायचे'. तिसरी यादी अजिबात कमी दर्जाची नाही. तिच्यात पहिला क्रमांक मिळवणं बरंच अवघड आहे.

२५ जानेवारी, शनिवार

मत कधी लिहायचं याची चाचणी. दहा चित्रपटांवर प्रत्येकी दोनदा लिहिलं : एकदा श्रेयनामावली संपताच, एकदा दुसऱ्या दिवशी, आधीचं न वाचता.

रात्रीच्या नोंदी लांब आणि विशेषणांनी भरलेल्या. 'जबरदस्त' हा शब्द दहात सात वेळा. दुसऱ्या दिवशीच्या नोंदी दोन-तीन ओळींच्या, पण त्यात एखादा प्रसंग नाव घेऊन आलेला. उलट रात्रीच्या नोंदीत पात्रांची नावं, क्रम, कोण कुठे बसलं होतं हे बरोबर; दुसऱ्या दिवशी त्यात चुका. म्हणून काम वाटून टाकलं : रात्री फक्त घडलेलं, तीन ओळी, एकही विशेषण नाही. मत दुसऱ्या दिवशी.

पाहता पाहता फोनवर टिपण करून पाहिलं. करू नये. फोनचा उजेड डोळ्यात जातो, पुढची वीस सेकंद पडद्यावरचा काळोख नुसता काळाच दिसतो. आता मांडीवर कागद, त्यावर फक्त वेळ आणि एक शब्द : '४७:१०, दार'. वेळेसोबत शब्द हवाच. तोच चित्रपट युरोपातल्या जुन्या डीव्हीडीवर सेकंदाला २५ चौकटींनी (म्हणजे स्थिर चित्रांनी) धावतो, मुळात तो २४ चा. म्हणून १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटांत संपतो आणि तिथे ४७:१० ला दार नसतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज प्रकल्पाची दिशाच बदलली. मताचा रकाना वरपासून खालपर्यंत एकदम वाचला. तेच तेच शब्द : 'छायालेखन स्वस्तातलं', 'रोजच्या मालिकेसारखं दिसतं', 'संवाद पुटपुटल्यासारखे', 'फार काळोख'. एकमेकांशी संबंध नसलेल्या चित्रपटांवर, वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या दशकांतल्या. इतक्या छायालेखकांनी एकच चूक केली असणं शक्य नाही. दोष या खोलीत आहे.

म्हणजे अठरापैकी निदान सहा मतं टीव्हीबद्दलची होती.

२ फेब्रुवारी, रविवार

'रोजच्या मालिकेसारखं' याचं कारण सापडलं. टीव्ही दोन खऱ्या चौकटींच्या मध्ये स्वतः बनवलेल्या चौकटी घालत होता. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा; त्याचा गुळगुळीत व्हिडिओ झाला की नट सेटवर उभा आहे हे दिसायला लागतं. २०१२ साली हॉबिट मालिकेतला पहिला चित्रपट मुद्दाम ४८ चौकटींत चित्रित करून दाखवला, तेव्हाही अनेक प्रेक्षकांची तक्रार अगदी हीच होती. तिथे तो दिग्दर्शकाचा निर्णय होता, इथे कोणाचाच नव्हता.

ही सोय प्रत्येक कंपनी वेगळ्या नावाने देते : ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस. 'मोशन' शब्द दिसेल तो मेनू उघडा. बंद केलं, आणि फसगत झाली. सेटिंग प्रत्येक जोडणीसाठी वेगळी असते. एचडीएमआयवर (बाहेरची यंत्रं टीव्हीला जोडायच्या तारेवर) बंद झाली, टीव्हीतल्या स्वतःच्या ॲपमध्ये चालूच. तिथेही बंद केली, तर एचडीआर (उजेड-काळोखातला फरक जास्त दाखवणारा) चित्रपट लागताच टीव्हीने आपला दुसरा पिक्चर मोड काढला, त्यात पुन्हा चालू. एकूण चार ठिकाणी बंद करावी लागली. प्रत्येक ठिकाणी एखादा भाग लावून खात्री करा. मेनूवर विश्वास ठेवू नका. टीव्हीत 'फिल्ममेकर मोड' असेल तर बरंच काम एका बटनात होतं. २०१९ मध्ये जाहीर झालेला हा मोड गुळगुळीतपणा, कृत्रिम धार आणि चित्रातले किरकिरे ठिपके पुसणं हे सगळं बंद करतो आणि चित्राच्या लांबी-रुंदीचं मूळ प्रमाण कायम ठेवतो.

बंद केल्यावर नवी तक्रार : कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळतं. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, २४ ने ६० ला पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे एक चौकट तीनदा, पुढची दोनदा अशी दाखवली जाते. टीव्हीला जोडलेल्या स्ट्रीमिंगच्या डबीत 'मूळ फ्रेमरेटशी (सेकंदाला किती चौकटी त्याच्याशी) जुळवा' असा पर्याय होता, तो चालू केला. अडखळणं कमी झालं. काही उरलं, ते चित्रपटातलंच आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

काळोख. दोन संध्याकाळी वाया गेल्या, आणि त्या अज्ञानाने गेल्या.

'ब्राइटनेस' वाढवत राहिलो. बऱ्याच टीव्हींवर त्या बटनाने उजेड वाढत नाही, काळ्या रंगाची पातळी वर सरकते. परिणाम : काळोख राखाडी झाला, पण त्यातलं दिसलं काहीच नाही. उजेडाचं बटन वेगळं, बॅकलाइट किंवा ओएलईडी लाइट.

खरा दोष तिसरीकडेच निघाला. व्हिडिओत काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५. संगणकाच्या पद्धतीत ० ते २५५. डबी एका पद्धतीने पाठवत होती, टीव्ही दुसऱ्या पद्धतीने वाचत होता, त्यामुळे १६ च्या आसपासच्या सगळ्या छटा काळ्यात बुडाल्या. दोन्हीकडे 'लिमिटेड' निवडलं आणि विहिरीत पडलेला प्रसंग वर आला. हे उलट बसलं तर काळं राखाडी दिसतं, म्हणजे ओळखायला सोपं.

त्यानंतरचा क्रम, असाच करावा :

आधी वीजबचत आणि खोलीच्या उजेडाप्रमाणे बदलणारा सेन्सर बंद. हे चालू असताना बाकी काही जुळवणं म्हणजे हलत्या पाटावर रांगोळी.

मग काळ्या पट्ट्यांची चाचणी-चित्रफीत. १७ क्रमांकाची पट्टी जेमतेम दिसावी, १६ दिसू नये. ही जुळवणी ज्या उजेडात पाहता त्याच उजेडात करायची. दुपारी केलेली रात्री चुकली.

मग रंगाचं तापमान 'वॉर्म'. पहिले दोन दिवस सगळं पिवळट वाटतं. तिसऱ्या दिवशी जुनी सेटिंग लावून पाहिली तर माणसं निळसर, आजारी दिसली. घाई करून परत जाऊ नये.

गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात ते ठरवणारा आकडा) : अंधाऱ्या खोलीत २.४, दिवा लावून पाहत असाल तर २.२.

शार्पनेस : काही टीव्हींवर शून्य म्हणजे मूळ चित्र, काहींवर मधला आकडा. सबटायटलच्या अक्षरांभोवती पांढरी कड दिसणं थांबेपर्यंत खाली आणा.

एवढं करूनही काही गोष्टी काळोख्याच राहतात. एप्रिल २०१९ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या आठव्या पर्वातला तिसरा भाग आला तेव्हा काहीच दिसत नाही अशी ओरड झाली होती. स्ट्रीमिंगमध्ये डेटा दाबताना काळोखातला तपशील सगळ्यात आधी जातो, त्याचे चौकोन दिसतात. तिथे टीव्ही काही करू शकत नाही. मताच्या ओळीत 'चौकोन दिसत होते' एवढं लिहायचं.

बसायची जागाही मोजली. कोच ३४० सेंटिमीटरवर, म्हणजे पडदा नजरेचे जेमतेम २० अंश व्यापतो. सिनेमासाठी ३० अंशांचा हिशोब धरतात. १६:९ टीव्हीत पडद्याच्या तिरक्या मापाच्या १.६ पटीवर बसलं की तेवढे होतात. कोच २४० वर आणला. 'भव्यता नाही' हा शेरा असलेल्या दोन ओळींपुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आवाज. 'संवाद पुटपुटल्यासारखे' हा शेरा पाच ओळींत.

५.१ ध्वनीत (पाच स्पीकर आणि एक घुमणाऱ्या आवाजाचा) संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरला दिलेले असतात. साउंडबारला मधला स्पीकरच नाही, दोनच आहेत. त्यावर 'व्हर्च्युअल सराउंड' चालू, म्हणजे दोन स्पीकर आवाज खोलीभर पसरवायचा प्रयत्न करतायत आणि माणसाचा आवाज पातळ होतोय. ते बंद केलं. ॲपमध्ये ५.१ ऐवजी स्टिरिओ ट्रॅक निवडला. साउंडबार कपाटाच्या खणात आत ढकललेला होता, तो कडेपर्यंत पुढे ओढला. या शेवटच्या गोष्टीला काहीच लागलं नाही आणि फरक सगळ्यात जास्त तिचाच. रात्री आवाज हळू ठेवावा लागतो तेव्हा 'नाइट मोड' लावतो. मोठे आवाज दाबले जातात, कुजबुज वर येते. पण मग स्फोटांवर मत देऊ नये.

मग ओठ आणि आवाज. गंमत अशी की हे आधी ठीक होतं आणि २ तारखेच्या दुरुस्तीने बिघडलं. टीव्ही चौकटी बनवण्यात वेळ घालवत होता म्हणून चित्र उशिरा येत होतं. ते जुळवायला कधीतरी साउंडबारवर ८० मिलिसेकंदांचा उशीर लावलेला होता. चौकटी बनवणं बंद केल्यावर चित्र लवकर यायला लागलं आणि आवाज मागे पडला. दोन आठवडे 'डबिंग वाईट' असं लिहिलं गेलं, त्यातला एक चित्रपट तर डब केलेलाच नव्हता.

आंतरराष्ट्रीय मोजमापाप्रमाणे आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तर माणसाला कळतं, मागे पडल्याचं मात्र १२५ पर्यंत सहसा कळत नाही. निसर्गातही आवाज उशिराच पोचतो, त्याची सवय आहे. उशीर शून्यावर आणला, एका टाळीच्या प्रसंगावर तपासलं, २० वर थांबलं. लक्षात ठेवा : उशीर वाढवता येतो, शून्याखाली नेता येत नाही. शून्यावरही आवाज मागेच असेल तर मधली एखादी जोडणी काढावी लागते. चित्राची कुठलीही सेटिंग बदलली की ही टाळी पुन्हा वाजवून पाहायची.

२२ फेब्रुवारी, शनिवार

परभाषेतल्या चित्रपटाच्या संवादांवरचं मत म्हणजे निम्मं सबटायटल लिहिणाऱ्यावरचं मत. नवा रकाना : मूळ भाषा, ऐकलेली भाषा, वाचलेली भाषा. 'संवाद सपाट' असं लिहिण्याआधी तोच प्रसंग दुसऱ्या भाषेच्या सबटायटलवर पाहून घ्या. तीनदा पाहिलं, दोनदा सपाटपणा भाषांतरातला निघाला.

वेगळी सबटायटल फाइल लावत असाल तर एक सापळा. सुरुवातीला ओळी मागेपुढे दिसतात, तुम्ही त्या दोन सेकंद सरकवता, जुळतात. तासाभराने पुन्हा अडीच मिनिटांचा फरक. सरकवून उपयोग नाही, फाइल २५ चौकटींच्या आवृत्तीची आहे आणि चित्र २३.९७६ चं. ती ताणावी लागते, सगळ्या वेळा गुणिले १.०४२७. हे सबटायटल संपादकात 'फ्रेमरेट बदला' या पर्यायाने होतं. देवनागरी सबटायटलऐवजी चौकोन दिसले तर आधी फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा. तरी चौकोनच राहिले तर प्लेअरचा फॉन्ट बदला.

१ मार्च, शनिवार

चौकटीचं लांबी-रुंदीचं प्रमाण. १९५५ च्या 'पाथेर पांचाली'ची चौकट जवळपास चौकोनी, १.३७ ला १. टीव्ही 'वाइड'वर असला की ती आडवी ताणली जाते, दुर्गा आणि अपू दोघंही गुबगुबीत होतात. रिमोटवरचं बटन चुकून दाबलं गेलं तरी हे होतं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे असतील तर ते असू द्यावेत.

पण कधीकधी फाइलच कापलेली असते, तिथे रिमोट काय करणार. 'साइनफेल्ड' ही मालिका ४:३ मध्ये दाखवलेली. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आली ती १६:९ मध्ये, वरून खालून छाटून. तिचा १९९७ चा एक भाग आहे, नावच 'खड्डा'. त्यात जॉर्ज रस्त्यातल्या खड्ड्याकडे बघतोय. खड्डा चौकटीच्या खालच्या भागात होता. छाटणीत तो गेला. आता जॉर्ज डांबराकडे बघतो आणि प्रेक्षक जॉर्जकडे. हा भाग पाहून 'विनोद जमला नाही' लिहिलं असतं तर? 'द सिम्पसन्स'चंही २०१९ मध्ये असंच झालं होतं, पुढच्या वर्षी मूळ चौकटीचा पर्याय दिला गेला. 'द वायर' २०१४ मध्ये रुंद केली गेली. तेव्हा जुन्या मालिकेवर मत देण्याआधी कुठली आवृत्ती पाहतोय ते तपासा. पाच मिनिटांचं काम. शीटमध्ये चौकटीचं प्रमाण हा रकाना वाढवला.

९ मार्च, रविवार

मालिका. इथे सगळ्यात जास्त वेळ वाया गेला आणि सगळ्यात कमी हाती लागलं.

पहिला प्रयत्न : पूर्ण मालिकेला एक ओळ. शेवटचा भाग फसला की पहिली चाळीस तासांची मजाही त्या ओळीत बुडते. दुसरा : प्रत्येक भागाला एक ओळ. आठव्या भागापासून 'ठीक', 'ठीक', 'वरीलप्रमाणे'. आता पर्वाला चार नोंदी : पहिला भाग, तिसरा, मधला, शेवटचा. तिसरा एवढ्यासाठी की पहिल्या भागावर बहुधा जास्त मेहनत घेतलेली असते. तिसऱ्यात मालिकेची रोजची चाल कळते.

'पुढचा भाग आपोआप' हे बंद. भाग संपतो न संपतो तोच श्रेयनामावली कोपऱ्यात चिमटली जाते, दहा सेकंदांत दुसरं काहीतरी सुरू. शेवटच्या दृश्यानंतरची शांतता दिग्दर्शकाने मोजून ठेवलेली असते, तीच जाते. बंद केल्यापासून शेवटांबद्दलचे शेरे बदलले. 'घाईने संपवलं' हा शेरा त्यानंतर एकदाही आलेला नाही.

एका बैठकीत कितवा भाग होता हेही लिहायला लागलो. तिसऱ्या भागाची नोंद दर वेळी सगळ्यात छोटी आणि सगळ्यात चिडकी. सव्वापट वेगाने पाहिलेल्याला क्रम द्यायचा नाही, विनोदाची तर वेळच मोडलेली असते. सोडून दिलेल्या मालिकेची नोंद मात्र हवीच : कितव्या भागात, कितव्या मिनिटाला आणि कशामुळे. 'कंटाळा आला' हे कारण नाही. 'पाचव्यांदा तोच गैरसमज' हे कारण आहे.

१६ मार्च, रविवार

फेरतपासणी. फेब्रुवारीच्या आधी खाली टाकलेले सहा चित्रपट पुन्हा पाहिले, जुनं मत न वाचता.

तीन वर गेले : दोन चित्रामुळे, एक आवाजामुळे. काळोख म्हणून नावं ठेवलेल्या एका चित्रपटात तर अख्खं दुसरं पात्र खोलीच्या कोपऱ्यात बसलेलं होतं, पहिल्या वेळी ते दिसलंच नव्हतं आणि नायक स्वतःशी का बोलतो अशी तक्रार लिहिलेली. एक जागचा हलला नाही. त्याच्या नोंदीत सुरुवात रात्री ११:४० ला अशी वेळ होती; दुपारी पाहिला तर थोडा बरा वाटला, क्रम तोच. एक आणखी खाली गेला, कारण चित्र स्वच्छ झाल्यावर मागचा डोंगर रंगवलेला कापड आहे हे दिसलं.

सहावा होता तिथेच, तळाला. अंगण सरळ करून दिलं तरी नाचता आलं नाही.

२३ मार्च, रविवार

रकाने आता असे : ओळखक्रमांक, नाव, वर्ष, तारीख, सुरू केल्याची वेळ, मध्ये किती वेळा थांबवलं, जोडणी आणि पिक्चर मोड, ऐकलेली-वाचलेली भाषा, चौकट, घडलेलं, दुसऱ्या दिवशीचं मत, यादीतली जागा. भरायला रात्री चार मिनिटं, दुसऱ्या दिवशी सहा. 'सोबत कोण होतं' हा रकाना महिनाभर ठेवून काढला. त्यामुळे हसण्याचं प्रमाण कळतं, चित्रपटाचं काही कळत नाही.

इतरांचे गुण पाहण्याआधी स्वतःची ओळ भरायची, हा एकच नियम अजून मोडला जातो. ओळखक्रमांक घ्यायला पान उघडलं की सरासरी डोळ्यासमोर येतेच. आता क्रमांक शेवटी भरतो.

२९ मार्च, शनिवार

टीव्हीने रात्री स्वतःहून नवं सॉफ्टवेअर घेतलं. सकाळी मतवहीत कालची ओळ लिहायला बसलो तर 'सेट खोटा वाटतो' असं लिहून झालं होतं. मेनू उघडला : मोशन चालू, सेन्सर चालू, रंग 'कूल'. चारही ठिकाणी पुन्हा बंद केलं, टाळी वाजवली, २० वरून उशीर हलला नव्हता. सगळ्या सेटिंगचे फोटो काढून शीटच्या दुसऱ्या पानावर चिकटवले. ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. कालच्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह.